भाताच्या पानातली साखळी कोण ओढतं?

ही आपल्या एपिसोडची वाचायची आवृत्ती. शहाड सोडलं की नेटवर्क जातं, हेडफोन कुणाच्या तरी बॅगेत अडकतो आणि एपिसोड अर्धाच राहतो, अशा सगळ्यांसाठी. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे छाटलेत, सगळे नाही. ऑडिओत मधेमधे जो भोंगा येतो तो आमच्या कसारा लाइनचा. घर आंबिवली स्टेशनला इतकं लागून आहे की त्याला इलाज नाही.

गोष्ट गेल्या सप्टेंबरमधली. काका खडवलीहून आला आणि पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली भाताची पानं काढून माझ्यासमोर ठेवली. “तू बायोटेक शिकलीस ना? मग सांग हे काय आहे.” पानांच्या दोन्ही कडा टोकापासून खाली पिवळ्या पडलेल्या, पुढे पेंढ्यासारख्या वाळलेल्या. मधली शीर अजून हिरवी. पिवळ्या आणि हिरव्याच्या मधली रेघ सरळ नव्हती, वेडीवाकडी होती, लाट ओसरल्यावर वाळूत राहते तशी.

कॉलेजात शिकवलेली एक सोपी चाचणी आठवत होती. काचेचा ग्लास घेतला, त्यात स्वच्छ पाणी. पान जिथे पिवळं आणि हिरवं भेटतं तिथे कात्रीने कापलं, कापलेली बाजू पाण्यात बुडवली आणि ग्लास खिडकीत उजेडासमोर धरला. काही मिनिटं काहीच नाही. काका म्हणाला, “चहा तरी टाक.” आणि मग त्या कापलेल्या टोकातून एक दुधाळ धागा खाली उतरायला लागला. अगरबत्तीचा धूर उलटा केला तर कसा दिसेल, तसा. तो धागा म्हणजे जिवाणू. पानाच्या नळ्यांत ठासून भरलेले, वाट मिळाली तसे बाहेर पडणारे.

हा कडा करपा. जिवाणूचं नाव झँथोमोनास ओरायझी.

आता कबुली. याच्या पंधरा दिवस आधी काकाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. मी ऑफिसात होते, फोटो झूमसुद्धा न करता लिहिलं, “नत्र कमी पडलंय, युरिया टाक.” त्याने टाकला. शिकलेली पुतणी सांगते म्हटल्यावर तो टाकणारच. आणि कडा करप्याला सगळ्यात जास्त काय मानवत असेल तर युरिया खाऊन लुसलुशीत झालेलं भात. दीड एकरातलं खालचं खाचर पुरतं गेलं, वरचं अर्धं आलं. काकाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

त्याने फक्त एक प्रश्न विचारला, आणि हा एपिसोड त्या प्रश्नाचाच आहे. “बांधापलीकडच्याने दुसरं वाण लावलंय. पाऊस तोच, पाणी माझ्याच खाचरातून त्याच्यात जातं. त्याचं पान हिरवंगार. म्हणजे त्याच्या भाताला कळलं आणि माझ्या भाताला कळलंच नाही. भाताला कळतं कसं?”

आधी थोडं या रोगाबद्दल, कारण तो आपल्याकडचा जुना पाहुणा आहे. जपानमध्ये फुकुओकाच्या शेतकऱ्यांनी तो १८८४ मध्ये पाहिला. भारतात त्याची नोंद झाली ती आपल्याच भागातून, महाराष्ट्र व्हायच्या आधीच्या मुंबई राज्यातून. १९५९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या तिघांनी ती छापली. यातले तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधले. पुढे त्याच कंपनीचं ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ शेतकऱ्यांच्या तोंडी इतकं बसलं की जिवाणूचा कुठलाही रोग म्हटला, डाळिंबाचा तेल्या असो की भाताचा करपा, दुकानात पहिलं नाव तेच निघतं. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे, म्हणजे माणसांना दिली जाणारी औषधं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतला त्यांचा वापर बंद करण्याचा मसुदा काढला, त्याचं कारण हेच. शेतात जितकं फवारू तितके जिवाणू त्याला सरावतात, आणि उद्या दवाखान्यात ते औषध चालेनासं होतं. त्यामुळे भाताला स्वतःलाच कळलं तर बरं, ही काही नुसती कुतूहलाची गोष्ट नाही.

जिवाणू आत शिरतो कुठून? पहाटे शेतावर गेलात तर भाताच्या पानाच्या टोकाला आणि कडेला पाण्याचे थेंब ओळीने लटकलेले दिसतात. आपण त्याला दव म्हणतो. बरेचदा ते दव नसतं. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पान कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर टाकतं. जिवाणू त्या थेंबात येऊन बसतो, आणि ऊन आल्यावर थेंब आत ओढला गेला की त्याच्याबरोबर आत. म्हणून रोग कडेपासून सुरू होतो, म्हणून ‘कडा’ करपा. वादळी पावसात पानं एकमेकांवर घासून फाटली की आणखी दारं उघडतात. आवणी करताना रोपांचे शेंडे छाटायची पद्धत काही ठिकाणी असते, तीही अशीच. प्रत्येक छाटलेला शेंडा म्हणजे उघडी जखम.

आत शिरल्यावर काय? आपल्या शरीरात जंतू आला की पांढऱ्या पेशी रक्तातून फिरत तिथे पोचतात. झाडात रक्त नाही आणि फिरत्या पेशीही नाहीत. प्रत्येक पेशी आपापल्या भिंतीत कायमची कोंडलेली. म्हणजे प्रत्येक पेशीला स्वतःच पहारा द्यायचा, स्वतःच ओळखायचं आणि स्वतःच लढायचं. त्यासाठी पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणात काही प्रथिनं आरपार बसवलेली असतात. बाहेरचा भाग अँटेनासारखा, ओळखणारा. आतला भाग म्हणजे कायनेज.

आजचा सगळा खेळ या कायनेजचा आहे, तेव्हा इथे जरा थांबू या. कायनेज हे काम करणारं प्रथिन आहे, एन्झाइम. त्याचं काम एकच: एटीपी नावाच्या रेणूवरून एक फॉस्फेट उचलायचं आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर ठरावीक जागी चिकटवायचं. बस. पण फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो चिकटला की त्या प्रथिनाच्या घड्या थोड्या हलतात, आकार बदलतो, आणि जे प्रथिन गप्प बसलं होतं ते कामाला लागतं. कधी उलटं, काम करणारं गप्प बसतं. हे फॉस्फेट काढून घेणारी वेगळी एन्झाइम असतात, त्यांना फॉस्फेटेज म्हणतात. लावणारे आणि काढणारे, दोघं मिळून एक बटण झालं. नवं काही बनवावं लागत नाही, वस्तू आधीच तिथे असते, फक्त बटण दाबायचं. म्हणून हे सगळं सेकंदांत होऊ शकतं. एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात हे बटण आधी स्नायूंत शोधलं, १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

माणसात सगळ्या प्रकारची मिळून साधारण ५१८ कायनेज आहेत. भातात नुसत्या अँटेनावाल्या कुटुंबातलीच अकराशेच्या वर निघतात. त्यातली बरीच वाढीसाठी, बरीच रोगासाठी. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा खरा वाटला नव्हता. पण ज्याला पळता येत नाही त्याला कान जास्त लागणारच.

अँटेना नेमकी काय ऐकते? याचं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण भातातलं नाही. ते अरॅबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका वीतभर झाडातलं आहे. प्रयोगशाळांचं ते लाडकं झाड. पुष्कळ जिवाणू शेपटीने पोहतात, आणि ती शेपटी फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाची असते. त्या प्रथिनातला २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा जिवाणूला फारसा बदलता येत नाही, बदलला तर शेपटी चालत नाही. झाडाने नेमका तोच तुकडा ओळखायला घेतलाय. पोलिस बाइकचा रंग बघत नाहीत, नंबरप्लेट बघतात, तसं. ओळखणाऱ्या अँटेनाचं नाव एफएलएस-२. २००० मध्ये ती सापडली, आणि सापडली कशी तेही मजेशीर आहे. रोपांना नुसता तो २२ चा तुकडा पाण्यातून दिला, जिवाणू अजिबात नाही, तरी रोपं खुरटायची. शास्त्रज्ञांनी जी रोपं खुरटली नाहीत ती शोधली. त्यांच्यात ही अँटेना बिघडलेली होती. खुरटण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एफएलएस-२ एकटी काही करू शकत नाही. तुकडा तिला चिकटला की ती बाजूच्या बीएके-१ नावाच्या दुसऱ्या कायनेजला ओढून घेते. आमच्या सोसायटीच्या चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात ना, तसंच. दोघं जवळ आले की एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात, म्हणजे सह्या झाल्या. हे काही सेकंदांत. मग आतल्या बाजूला तयार बसलेलं बीआयके-१ नावाचं तिसरं कायनेज सुटतं. ते आवरणातल्या एका पंपाला फॉस्फेट लावतं, आणि पेशी बाहेर ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडायला लागते, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे. हे काही मिनिटांत. त्याच वेळी कॅल्शियम आत शिरतं आणि कॅल्शियमवर चालणारी आणखी कायनेज जागी होतात. समांतर, तीन कायनेजची एक साखळी चालू होते: पहिलं दुसऱ्याला फॉस्फेट लावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप पोचवतं की अमुक जनुकं चालू करा. तीन पायऱ्या कशाला, सरळ निरोप का नाही? कारण प्रत्येक पायरीवर एक कायनेज पुढच्या अनेकांना चेतवतं, म्हणजे हळू आवाज मोठा होतो. शिवाय प्रत्येक पायरीवर थांबवायची सोय राहते.

थांबवायची सोय इतकी महत्त्वाची का? लोकलमधली साखळी आठवा. डब्यात कुणी ओढली की गाडी थांबते, मागच्या चार गाड्या थांबतात, कल्याण जंक्शनचा सगळा बोजवारा. खरंच संकट असेल तर साखळी हवीच. पण कुणाचा डबा प्लॅटफॉर्मवर राहिला म्हणून रोज कुणी ओढायला लागलं तर? झाडाचंही तेच. लढायला साखर लागते, नत्र लागतं, वाढ थांबवावी लागते. ती खुरटलेली रोपं म्हणजे उगाच साखळी ओढलेली गाडी. ज्या झाडांत बिघाडामुळे प्रतिकार कायम चालू राहतो ती बुटकी राहतात, पानांवर मेलेल्या पेशींचे ठिपके पडतात, बी कमी धरतं. दुकानात ‘पिकाची इम्युनिटी वाढवा’ म्हणून बाटली पुढे केली जाते तेव्हा मला हे आठवतं. झाडाचा प्रतिकार जागा करणारी काही रसायनं खरोखर आहेत, मी नाकारत नाही. पण वाढवायची म्हणजे किती, आणि त्याची किंमत लोंबीतल्या किती दाण्यांनी भरायची, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

आता काकाच्या प्रश्नाकडे. बांधापलीकडच्या भाताकडे असं काय असू शकतं?

कडा करप्याविरुद्धच्या सगळ्यात नावाजलेल्या जनुकाचं नाव एक्सए-२१. ते आपल्या लागवडीच्या भातातलं नाहीच. आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका रानभातातलं आहे, ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा. शेतकऱ्याच्या दृष्टीने निव्वळ तण. पण भारतातल्या जिवाणूंसमोर ते टिकतं हे ओडिशातल्या कटकच्या भात संशोधन संस्थेत दिसलं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश यांच्या गटाने ते शेतातल्या भातात संकर करून करून आणलं. आणि १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने ते जनुक वेगळं काढून वाचलं. निघालं काय? बाहेर अँटेना, आत कायनेज. जनावरांत आणि माणसांत तशा अँटेना पुढे कळल्या, भाताची आधी कळली, हे मला उगाचच आवडतं.

मग ही अँटेना जिवाणूचं काय ओळखते? इथे गोष्ट अडखळली. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की तो रेणू सापडला. पुढे प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना तेच प्रयोग पुन्हा करून तेच उत्तर येईना. शोधता शोधता कळलं की जिवाणूच्या नमुन्यांवरची लेबलं चुकली होती. रोनाल्ड यांनी स्वतःच ते जाहीर केलं आणि २०१३ मध्ये शोधनिबंध मागे घेतला. खरा रेणू २०१५ मध्ये सापडला, रॅक्सएक्स. फोटो झूम न करता युरिया सांगणाऱ्या मुलीला ही गोष्ट जरा जास्तच भिडली, हे मान्य.

रॅक्सएक्स मोठा बेरकी आहे. झाडात वाढीसाठीचे काही छोटे संप्रेरक असतात, ‘वाढा, पसरा’ असं सांगणारे. जिवाणू त्याचीच नक्कल बनवतो, त्यावर तसंच सल्फेटचं शेपूट लावतो, आणि झाडात सोडतो. म्हणजे खोटी सही करून झाडालाच कामाला लावायचं. साध्या भाताला ही सही खरी वाटते. एक्सए-२१ असलेल्या भाताला ती खोटी आहे हे कळतं आणि तो साखळी ओढतो. काका, तुझ्या ‘कळतं कसं’चं एक उत्तर हे.

पण उगाच ओढली जाऊ नये म्हणून एक्सए-२१ च्या अंगावरच पहारेकरी बसवलेत. जिवाणू नसताना एक्सबी-२४ नावाचं प्रथिन त्याला धरून असतं आणि त्याला स्वतःवरच काही ठिकाणी फॉस्फेट लावून घ्यायला भाग पाडतं. त्या अवस्थेत ते निजलेलं राहतं. बघा, फॉस्फेट म्हणजे नेहमी ‘चालू’ नव्हे, कुठे लागलंय त्यावर आहे. खोटी सही आली की एक्सबी-२४ सुटतं आणि एक्सए-२१ जागं होतं. लढाई सुरू झाली की एक्सबी-१५ येतं. ते फॉस्फेटेज आहे, फॉस्फेट काढून साखळी परत जागेवर बसवणारं. हे एक्सबी-१५ काढून टाकलेल्या भातात पानांवर आपोआप मेलेल्या पेशींचे डाग पडायला लागले. आणि ते जास्त केलं तर रोग पुन्हा घुसायला लागला. प्रतिकार म्हणजे नुसती ताकद नाही, ब्रेकही तितकाच नीट लागायला हवा.

आणखी एक, शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट: एक्सए-२१ पूर्ण ताकदीने काम करतं ते झाड मोठं झाल्यावर. कोवळ्या रोपात त्याचा प्रतिकार कच्चा असतो. म्हणजे बियाणं कितीही भारी असलं तरी राबात आणि आवणीच्या दिवसांत हयगय करून चालत नाही.

जिवाणू काय नुसता बघत बसतो? तोही कायनेजनाच मारायला येतो, कारण त्यालाही ठाऊक आहे बटण कुठे आहे. या कुटुंबातला कोबीचा जिवाणू घ्या, ज्याने घाण्या रोग होतो. तो सुईसारख्या नळीतून झाडाच्या पेशीत एक प्रथिन टोचतो. ते प्रथिन मघाच्या बीआयके-१ वर, नेमकं जिथे फॉस्फेट बसायला हवं तिथेच, भलताच रेणू चिकटवून ठेवतं. कुलपाच्या भोकात फेव्हिक्विक! आता किल्ली असली तरी लागणार नाही. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी हे २०१२ मध्ये दाखवलं. यावर झाडाचा डाव असा की काही झाडांत बीआयके-१ सारखं दिसणारं एक नकली कायनेज ठेवलेलं असतं. फसवायलाच. जिवाणूने त्यालाही फेव्हिक्विक लावलं की ते दुसऱ्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्यांची पाच-पाचची चक्री तयार होते, आणि पेशी स्वतःचा जीव देऊन जिवाणूला तिथेच गाडते. चोराने खोट्या तिजोरीला हात लावला की अलार्म. २०१९ मध्ये या चक्रीचं चित्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं. वेळ मिळाला तर ते शोधून बघा, खरोखर फुलासारखं दिसतं.

म्हणून एका जनुकावर विसंबून भागत नाही. जिवाणूने रॅक्सएक्स थोडा बदलला की एकटं एक्सए-२१ आंधळं होतं, असे जिवाणू सापडलेतही. हैदराबादला सीसीएमबी आणि आजची भारतीय तांदूळ संशोधन संस्था यांनी यावर शहाणा उपाय केला. सांबा महसुरी हा दक्षिणेत नावाजलेला बारीक तांदूळ आहे, चवीला उत्तम, पण कडा करप्याला कमकुवत. त्यात त्यांनी तीन जनुकं एकत्र आणली आणि २००८ मध्ये ‘सुधारित सांबा महसुरी’ प्रसारित झाला. एक आपलं कायनेज, एक्सए-२१. दुसरं एक्सए-१३: जिवाणू झाडाचं साखर सोडणारं जनुक जबरदस्तीने चालू करून स्वतःचं पोट भरतो, या भातात ते चालू करायची जागाच बदललेली आहे. तिसरं एक्सए-५: जनुकं चालू करायला जिवाणू झाडाच्या ज्या यंत्राला हात घालतो, त्याचा एक खिळा किंचित वेगळा, त्यामुळे पकड बसत नाही. तीन वेगळ्या कुलपांना एकाच वेळी किल्ली शोधायची म्हणजे जिवाणूला कठीण. आणि हे सगळं संकर करून, प्रत्येक पिढीत डीएनए तपासून निवडत केलंय. हे जीएम नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तसा फॉरवर्ड आलाच तर उत्तर तुमच्याकडे आहे.

मी हे सगळं काकाला सांगितलं. मे महिन्यात, अंगणात, राबासाठी पातेरा पसरून झाल्यावर. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, “किती दिवसांचं वाण?” मी म्हटलं, साधारण एकशे पस्तीस दिवसांचं. तो हसला. “वरच्या खाचरात दसऱ्यानंतर पाणी राहत नाही. दाणा भरणार कसा?” कायनेज माझ्या लक्षात होतं, उतार त्याच्या. आमच्याकडे कर्जतच्या संशोधन केंद्राची हळवी वाणं लोक का धरून बसलेत ते मला त्या एका वाक्यात कळलं.

शेवटी असं ठरलं: खालच्या खाचरात, जिथे पाणी टिकतं, तिथे या वर्षी तीन जनुकांचं बियाणं. वर नेहमीचं हळवं. युरिया एकदम नाही, तीन हप्त्यांत, आणि पान पिवळं दिसलं तर टाकायच्या आधी ग्लास. वरच्या खाचरात रोग आलाच तर त्याचं पाणी खाली सोडायचं नाही, बांध फोडून बाजूने काढायचं. शेंडे छाटायचे नाहीत. सकाळी पानं ओली असताना शेतात शिरून फिरायचं नाही, कारण आपल्याच पायांनी तो थेंब या रोपावरून त्या रोपावर जातो. काका म्हणतो यातल्या अर्ध्या गोष्टी त्याच्या आईला माहीत होत्या, कायनेजशिवाय. असतीलही.

तुमच्याकडे कुणाचं भात असेल आणि सप्टेंबरात कडा पिवळ्या दिसल्या, तर ग्लासची चाचणी करून व्हिडिओ पाठवा. पाणी गढूळ नको, पान ताजं हवं, आणि उजेड मागून यायला हवा. पूर्ण सुकलेला तुकडा घेऊ नका, हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरचा घ्या. धागा दिसला नाही तरी पाठवा, मग ते दुसरं काहीतरी आहे, आणि त्यावर आपण बोलू. मला मात्र नुसता फोटो पाठवून ‘काय टाकू’ विचारू नका. त्याचं उत्तर मी आता देत नाही.